पैसा परत कुठल्या रस्त्यानं येणार?

वाचकांचे प्रश्न : परदेशातली गुंतवणूक

डॉलरनं नव्वदी ओलांडल्याबद्दल गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकच विचारणारी निघाली : आता पैसे भारताबाहेर लावावेत का? त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत.

उत्तरांआधी मी कुठून बोलते ते सांगते. बँकेच्या परकीय चलन विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली. १९९१ च्या जुलैत, १ आणि ३ तारखेला, रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं तेव्हा मी फोर्टमधल्या शाखेत काउंटरवर होते. आयातीचा धंदा करणारे लोक शाखा उघडायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन बसले होते. आमचे तेव्हाचे साहेब बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रकमेच्या कागदावर सही करण्याआधी विचारायचे, "हा पैसा चालला, त्याच्या बदल्यात काय येणार आणि कुठल्या रस्त्यानं?" नवीन असताना मला त्याचा कंटाळा यायचा. आज घरातला एक रुपयाही मी तो प्रश्न विचारल्याशिवाय हलवत नाही.

डोंबिवली : "ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे. यापुढे सगळं एआयवर चालणार, एआय चिपवर चालतं आणि चिप तैवानमध्ये बनते. मग इथली एसआयपी बंद करून सगळे पैसे तैवानच्या फंडात घातले तर काय चुकलं? बाबा म्हणतात, तिथे युद्ध होईल."

चिपबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. टीएसएमसी ही कंपनी मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये शिनचू इथे काढली आणि आज जगातल्या अत्यंत प्रगत चिपांपैकी बहुतेक तिच्याच कारखान्यांत बनतात. पण म्हणूनच तैवानच्या शेअर निर्देशांकात या एका कंपनीचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. तुम्ही देश घेताय असं वाटतं, प्रत्यक्षात बराचसा पैसा एका कंपनीत जातो. आणि ती कंपनी ज्या बेटावर आहे तिथून चीनचा किनारा सर्वांत अरुंद जागी साधारण १३० किलोमीटरवर आहे. रस्त्यानं मुंबई-पुणे याहून लांब पडतं.

युद्ध होईल का, याचं उत्तर बाबांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. ते झालं तर तुमच्या पैशाचं काय होईल, एवढं मात्र आधी पाहता येतं, कारण आपल्या डोळ्यांदेखत ते एकदा घडलंय. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं युक्रेनवर हल्ला केला. काही दिवसांतच मॉस्कोचा शेअर बाजार बंद ठेवण्यात आला. स्बेरबँक ही रशियातली सर्वांत मोठी बँक. लंडनमध्ये तिच्या शेअरांच्या बदल्यात ज्या पावत्या विकल्या जात, त्यांचा भाव डॉलरवरून सेंटांवर आला आणि मग व्यवहारच थांबले. ९ मार्चला एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीनं उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून रशिया काढला, तोही जवळपास शून्य भाव धरून. तेल, गॅस, निकेल सगळं जमिनीत होतं तिथेच होतं. कंपन्या चालू होत्या, नफाही कमवत होत्या. पण बाहेरच्या गुंतवणूकदाराला आत जायला आणि त्याच्या पैशाला बाहेर यायला रस्ता उरला नाही. ज्यांचे शेअर होते त्यांचं 'नुकसान झालं' असं म्हणणंसुद्धा पुरेसं नाही, कारण विकून नुकसान पदरात घेण्याचीही सोय नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या घरातली. २००७ च्या दिवाळीत सगळीकडे चीनचीच चर्चा होती. ऑलिंपिक यायचं होतं, रस्ते-पूल-बंदरं उभी राहत होती. शांघायचा निर्देशांक त्या ऑक्टोबरात ६,१२४ ला पोचला होता. मी डिसेंबरात चीनवर भर असलेल्या एका फंडात पन्नास हजार रुपये घातले आणि पुढच्या ऑक्टोबरात निम्म्याहून कमी किमतीला काढले. लवकर काढले म्हणून मला बरीच वर्षं हळहळ वाटत राहिली. मग लक्षात आलं, की त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी मोठी झाली, पण शांघायच्या त्या निर्देशांकानं ६,१२४ पुन्हा पाहिलेला नाही. देशाची वाढ शेअरधारकाच्या हातात पडेलच असं नसतं. मधे सरकार असतं, नवे शेअर काढून भांडवल वाढवणाऱ्या कंपन्या असतात, आणि तुम्ही दिलेली किंमत असते. २०२१ च्या जुलैत चीननं शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावायलाच बंदी घातली, तेव्हा त्या धंद्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर चार दिवसांत मातीमोल झाले. विद्यार्थी तेवढेच होते.

मग चिपचं काय करायचं? ती चिप एकटा तैवान बनवत नाही. तिच्यावरची सूक्ष्म रेषा छापणारं यंत्र जगात फक्त नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनची एएसएमएल बनवते. त्या यंत्रातले आरसे जर्मनीतल्या झाइसचे, लागणारी रसायनं बरीचशी जपानची, आणि आराखडे बहुतांशी अमेरिकेतले. सगळ्या जगाच्या निर्देशांकावर चालणारा, म्हणजे जगभरच्या मोठ्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या वजनाप्रमाणे धरणारा फंड घेतला तर ही पूर्ण साखळी तुमच्याकडे येते, तैवानसुद्धा त्याच्या वाट्यापुरतं येतं, आणि एखादी कडी तुटली तर बाकीच्या राहतात. इथली एसआयपी चालू ठेवा. तुमचं भाडं, लग्न, आजारपण, म्हातारपण सगळं रुपयांत होणार आहे. महिन्याच्या बचतीतला पाचवा-सहावा हिस्सा बाहेर जाऊ द्या. मी स्वतः सातवा हिस्सा ठेवते.

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती अनाठायी नाही.

हिंजवडी, पुणे : "अमेरिकन कंपनीत अकरा वर्षं आहे. दर वर्षी मिळणारे शेअर मी कधीच विकले नाहीत. आज घर सोडलं तर आमच्या मालमत्तेतला सत्तर टक्के हिस्सा त्याच एका शेअरमध्ये आहे, साधारण एक कोटी चाळीस लाख. बायको म्हणते विका. पण कंपनी एआयमध्ये पुढे आहे, आता विकणं वेडेपणा ठरेल ना?"

आधी एक विचारते. हीच रक्कम आज तुमच्या खात्यात रोख असती, तर तुम्ही सगळीच्या सगळी याच कंपनीच्या शेअरमध्ये घातली असती का? नसती, तर न विकणं म्हणजे रोज सकाळी तेच करणं आहे. पगार त्या कंपनीचा, घराचा हप्ता त्या पगारातून, आणि बचतही तिच्यातच. कंपनी घसरली तर नोकरकपात आणि शेअरची पडझड हातात हात घालून येतात.

आता 'पुढे असण्याबद्दल'. मार्च २००० मध्ये सिस्को इंटरनेटच्या सगळ्यात पुढे होती. इंटरनेटबद्दलचा लोकांचा अंदाज अगदी खरा ठरला, सिस्कोही बुडाली नाही, तिचा धंदा वाढतच गेला. तरी शेअर ऐंशी टक्क्यांहून जास्त पडला आणि त्या वेळच्या बंद भावाला परत यायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. पंचवीस वर्षं! तंत्रज्ञान ओळखण्यात चूक झाली नव्हती, किंमत फार मोजली गेली होती. अलीकडचं सांगायचं तर २७ जानेवारी २०२५ चा सोमवार आठवा. डीपसीक या चिनी कंपनीनं कमी खर्चात चालणारं मॉडेल आणलं आणि एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सतरा टक्के पडला. जवळजवळ सहाशे अब्ज डॉलर त्या एका दिवसात गेले. तो नंतर सावरला, वरही गेला. पण त्या रात्री ज्याला मुलाच्या फीसाठी विकायचं होतं त्याला त्याचा काय उपयोग?

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, त्यानं माझी झोप उडाली. अमेरिकन कंपनीचे शेअर हे अमेरिकेच्या कायद्यानं अमेरिकेतली मालमत्ता आहेत, मग ते धरणारा माणूस हिंजवडीत राहत का असेना. जो अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, त्याच्या मृत्यूनंतर अशा मालमत्तेपैकी फक्त पहिल्या ६०,००० डॉलरना वारसा करातून सूट आहे. त्यापुढे दर वाढत वाढत चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. भारतानं आपला असा कर १९८५ मध्येच काढून टाकला, त्यामुळे आपल्याकडे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि वारसा कराबाबत भारत-अमेरिका करार नाही. नव्वद रुपयांचा डॉलर धरला तर ६०,००० डॉलर म्हणजे चोपन्न लाखांच्या आसपास. तुम्हाला उद्या काही झालं, तर उरलेल्या शहाऐंशी लाखांवर तुमच्या पत्नीला तिथल्या कर खात्याशी पत्रव्यवहार करावा लागेल आणि तो संपेपर्यंत ब्रोकर बहुधा शेअर हलवू देणार नाही. मी हे एका घरात जवळून पाहिलंय. नवरा गेल्यावर दीड वर्ष त्या बाई नोटरीकडे आणि टपाल कचेरीत खेटे घालत होत्या. मुलांच्या फीसाठी त्यांनी दागिने गहाण ठेवले, आणि कागदावर त्या श्रीमंत होत्या.

तेव्हा पत्नीचं ऐका. एका दिवसात सगळं विकू नका, पण दोन वर्षांत हा हिस्सा सत्तरवरून वीसच्या खाली येईल असं वेळापत्रक लिहून काढा आणि भाव काहीही असो, त्या तारखांना विका. शेअर हातात आला तेव्हाच्या किमतीवर तुम्ही पगारातून कर भरलेला आहे. आता त्यापुढच्या नफ्यावर, चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेल्यांवर, साडेबारा टक्के आणि लागू असेल तो अधिभार. नवे येतील ते आले की लगेच विकले तर करासारखा करही फारसा नाही. ज्यांना बाहेरच गुंतवायचं आहे, त्यांनी आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडांची चौकशी करावी. त्यांच्यात आत अमेरिकन शेअर असले तरी तुमच्या नावावर आयर्लंडचा फंड असतो आणि अमेरिकेचा वारसा कर लागत नाही.

आणखी एक. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरताय ना? त्यात आर्थिक वर्ष नव्हे, जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात, तिथे अनेकांची गफलत होते. न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. घरजमीन सोडून एकूण वीस लाखांच्या आतल्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट मिळाली, पण तुम्ही त्यात बसत नाही. अकरा वर्षांत एखादं वर्ष राहून गेलं असेल, तर याच आठवड्यात सीएंना गाठा.

सांगली : "मी निवृत्त शिक्षक, वय ६८. पेन्शन आहे. पुतण्या म्हणतो, मुदत ठेवीतले पाच लाख काढून आपल्या बाजारात मिळणाऱ्या नॅसडॅकच्या ईटीएफमध्ये टाका, डॉलर वाढतोय."

सर, पुतण्याला एकच काम सांगा. त्या ईटीएफचा, म्हणजे अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारातल्या कंपन्यांचे शेअर धरणाऱ्या आणि इथे शेअरप्रमाणे विकल्या जाणाऱ्या फंडाचा, बाजारातला भाव आणि त्याच दिवशीचं प्रत्यक्ष मूल्य, म्हणजे एनएव्ही, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून आणायला सांगा.

एरवी हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. भाव वर गेला की फंड कंपनी परदेशात आणखी शेअर घेऊन नवी युनिटं काढते आणि भाव खाली येतो. पण आपल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात सात अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफमध्ये वेगळे एक अब्ज, एवढीच मर्यादा आहे. ती भरत आल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक योजनांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. तेव्हापासून दार कधी किलकिलं होतं, कधी बंद. नवी युनिटं निघत नाहीत आणि घेणारे मात्र वाढतात, म्हणून शंभर रुपयांची वस्तू कधी एकशे दहाला, कधी त्याहूनही वर विकली जाते. उद्या ही मर्यादा वाढली तर तो वरचा भाग एका दिवसात गायब होईल, अमेरिकेत काहीही न घडता.

तुमच्या वयाचंही बोलते, राग मानू नका. नॅसडॅकनं मार्च २००० ची पातळी २०१५ मध्ये परत पाहिली. जपानच्या निक्केई निर्देशांकानं १९८९ च्या डिसेंबरातला उच्चांक ओलांडला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. तुम्ही तिशीत होतात तेव्हा त्या उच्चांकाला टोकियोत पैसे घातलेला तुमच्या वयाचा माणूस निवृत्त झाल्यावरही वाटच पाहत होता. थांबायला वेळ असलेल्यांची ही गुंतवणूक आहे. मुदत ठेव राहू द्या. हौस असेल तर पन्नास हजार, तेही भाव आणि मूल्य एका पातळीला असतील त्याच दिवशी.

पिंपळगाव बसवंत : "द्राक्षाची सात एकर बाग आहे, निम्मा माल एक्सपोर्टला जातो. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे अठरा लाख आलेत. इथे शेतीचा भरवसा नाही, म्हणून ते पैसे परदेशात गुंतवावेत असं वाटतं. कायद्यानं चालतं का?"

चालतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाखांच्या वर गेलात, की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो.

पण भाऊ, तुमचा पैसा आधीच परदेशात आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? ऑक्टोबरात तुम्ही गोडी छाटणी करता तेव्हाच तो बाहेर पडतो आणि रॉटरडॅमला कंटेनर उघडेपर्यंत परत येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावा शेव्याहून निघालेली जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, वर रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, वाढलेलं भाडं. त्या हंगामात तुमच्या तालुक्यात काय झालं ते तुम्हीच मला सांगाल. येमेनमधल्या लढाईचा हिशेब तुमच्या मण्याच्या टणकपणावर होतो, आणखी कुठली जागतिक जोखीम हवी?

महाराष्ट्रानं हे फार पूर्वी एकदा पाहिलंय. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाईना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत तो पैसा कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांचे सेनापती जनरल ली शरण आले, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब पुरा करायचा दिवस आला तेव्हा निम्मी मुंबई देणेकरी होती. हे सांगते ते यासाठी, की त्या लोकांचं उत्पन्न आणि गुंतवणूक दोन्ही एकाच परदेशी लढाईवर टांगलेली होती.

म्हणून तुमच्या अठरा लाखांचं मी असं करीन : बागेचा एका पूर्ण वर्षाचा खर्च, औषधं, मजुरी, पॅकिंगसकट, जवळच्या बँकेत मुदत ठेवीत. व्यापाऱ्यानं पैसे थकवले किंवा अवकाळीनं घड गेले तरी सावकाराकडे जावं लागणार नाही एवढी ती रक्कम हवी. पीककर्ज असेल तर ते आधी फेडा. थोडं सोनं घेतलंत तर माझी हरकत नाही. २०२२ मध्ये रशियाचे जवळजवळ तीनशे अब्ज डॉलर परदेशात गोठवले गेल्यापासून मोठमोठ्या मध्यवर्ती बँकाही सोनं साठवतायत, आपली रिझर्व्ह बँकही. २०२४ मध्ये तिनं इंग्लंडमधलं शंभर टन सोनं मायदेशी आणलं. एवढं करून दोन-तीन लाख उरले तर जगाच्या निर्देशांकाचा फंड बघू, तेव्हा पुन्हा लिहा. आणि यंदा एक्सपोर्टच्या बिलाचा कागद नीट वाचा : पैसे युरोत ठरलेत की रुपयांत, आणि माल उशिरा पोचला तर तोटा कुणाचा. त्या एका ओळीत तुमचे कोणत्याही फंडापेक्षा जास्त पैसे आहेत.

कोल्हापूर : "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फॉरेक्स ट्रेडिंगचं अ‍ॅप घेतलं. चार लाख भरले, अ‍ॅपवर अकरा लाख दिसतात. काढायला गेले तर म्हणतात, आधी एक लाख साठ हजार टॅक्स भरा. भरू का?"

या बाईंना मी पत्र वाचल्या वाचल्या फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. इतरांसाठी इथे लिहिते.

भरू नका. एक रुपयासुद्धा नाही. ते अकरा लाख कुठेच नाहीत, तो पडद्यावर काढलेला आकडा आहे. आपल्याच नफ्यातून कर कापून बाकीचे द्या म्हटलं तर ते देत नाहीत, यावरून ओळखा. वर सांगितलेल्या अडीच लाख डॉलरच्या योजनेत परदेशी चलनाची सट्टेबाजी किंवा मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठी ठेवायच्या अनामतीचे, पैसे पाठवायला परवानगीच नाही, त्यामुळे असं अ‍ॅप खरं असतं तरी कायद्यात बसलं नसतं. परवानगी नसलेल्या अशा मंचांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पण यादीत नाव नाही म्हणजे अ‍ॅप खरं, असं समजू नका.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं गोठवता येतं, पण पहिल्या काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत. बाईंनी त्याच दुपारी फोन लावला, मग बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला. चार लाखांपैकी शेवटचे सत्तर हजार आदल्या दिवशीच गेले होते, ते ज्या खात्यात गेले तेवढं खातं गोठवलं गेलं आहे. घरी त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ताई, आज रात्री जेवण झाल्यावर सांगा. मी फोनजवळ आहे.